उस्तादांचं पाणी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाणी दोन प्रकारचं असे. एक नळाचं आणि एक नुसतं. भांडी घासायला, हात धुवायला, तहान लागली तर प्यायला नळाचं. आणि ‘नुसतं’ म्हणजे मागच्या कोपऱ्यातल्या मोठ्या पातेल्यात मंद आचेवर रटरटणारं हाडांचं पाणी. सूप घट्ट झालं, भाजी करपायला आली, भात शिजायला टाकायचा झाला, की उस्ताद मान वर न करता म्हणत, “पाणी घाला,” आणि कुणीही शहाणा माणूस नळाकडे जात नसे. एकदा एक नवा आलेला गेला होता. त्या दिवशीचं सूप भट्टी विभागानं परत पाठवलं आणि तो बिचारा पुढं नोकरी सोडेपर्यंत ‘नळ’ याच नावानं ओळखला गेला. बाहेर टेबलांवर बसून जेवणाऱ्यांना मात्र या भाषेची खबर नव्हती. त्यांच्यासाठी पाणी ते पाणी आणि सूप ते सूप.

उस्ताद हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गाण्यातले उस्ताद नव्हते आणि कुस्तीतले तर नव्हतेच. पायऱ्या चढताना त्यांना धाप लागे. भांडी घासायला लागले तेव्हा ‘ए’ होते, कांदे चिरायला लागल्यावर ‘अरे’ झाले, आणि पातेलं हातात आलं तेव्हा कुणीतरी थट्टेनं उस्ताद म्हटलं ते कायमचं चिकटलं. पातेल्यावर त्यांचा असा काही विश्वास होता की तो विश्वास पाहून हसावं की नमस्कार करावा, कळू नये. कुणाला सर्दी झाली, पाणी द्या. कुणाचा ताप उतरला, पाणी द्या. भट्टीच्या मुकादमाची बायको बाळंत झाली तेव्हा उस्तादांनी स्वतः किटली भरून घरी पोचवली होती. जगात जो जो आजारी पडतो तो पातेल्यापासून लांब राहिल्यामुळे पडतो, असं त्यांचं साधं गणित होतं. गणित चुकीचं असेल, पण ते त्यांनी कुणाला फसवायला मांडलेलं नव्हतं. निदान तोपर्यंत तरी.

त्यांना एकच लेक. शाळेला सुट्टी लागली की ती कॅन्टीनच्या मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची, कंटाळा आला की पातेल्याची राखण करायची. “बाबा, पाणी कमी झालंय,” असं ती ओरडून सांगायची तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते. मोठी होऊन ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, भट्टीतून येणाऱ्या धातूचे नमुने तपासायला. उस्तादांना त्या दिवशी अभिमानानं धड जेवण गेलं नाही.

मग एका संध्याकाळी लेकीनं वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, “मी आजपासून मांस खाणार नाही.”

“पोट बिघडलंय का?” उस्तादांनी विचारलं.

“हवा बिघडलीये, बाबा.”

उस्तादांना वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. गुरं पोसायला जंगलं तोडली जातात, त्यांच्या चाऱ्यासाठी जी जमीन लागते तिच्यावर माणसांसाठी किती धान्य पिकलं असतं, रवंथ करणारी जनावरं जो वायू सोडतात तो धुराड्यातल्या वायूपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो, हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं. अंडी आणि दूध चालू ठेवणार होती; मांस बंद. उस्ताद म्हणाले, “म्हणजे गुरांनी ढेकर द्यायची आणि शिक्षा माझ्या पातेल्याला?” त्यावर ती हसली, पण वाटी तिनं पुन्हा जवळ ओढली नाही. उस्तादांची बायको शिवणकाम करायची. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून एवढंच म्हटलं, “खाणारी ती आहे, तर ठरवणारीही तीच.” उस्तादांना हा न्याय पटला नाही. त्यांच्या घरात खाणारा आणि ठरवणारा कधी एक नव्हता.

काही महिन्यांनी लेक प्रयोगशाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. मुकादमानं उचलून दवाखान्यात नेलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच खाली गेलेलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, डाळी-पालेभाज्यांबरोबर लिंबू घ्यायला सांगितलं, जेवणावर लगेच चहा नको म्हणाले. मांस खा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पण उस्तादांना ते ऐकू आलंच नाही. त्यांना दिसत होता फक्त लेकीचा पांढराफटक चेहरा आणि जिन्याचा कठडा धरून बसलेला तिचा हात. त्या दिवशी ते फार घाबरले होते. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, जे येत होतं ते केलं.

दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमधून निघताना ते पातेल्यातलं पाणी थर्मासमध्ये भरून घरी नेऊ लागले. वरची चरबी काढून, दोनदा गाळून, असं स्वच्छ की कुणाला शंका येऊ नये. मसुराच्या सुपात ते, भाजीत ते, भातातही ते. लेक पहिल्या दिवशी चमचा तोंडात घालून थांबली. “बाबा, यात काय घातलंस?”

“कांदा, गाजर, मसूर,” उस्ताद म्हणाले, “आणि पाणी.”

बघा, खोटं बोलले नाहीत ते. निदान स्वतःला त्यांनी हेच सांगितलं. पण घरात घरची भाषा असते आणि कॅन्टीनात कॅन्टीनची. उस्तादांनी एक शब्द उंबरठ्यावरून लपवून आत आणला होता, आणि तो त्यांना रोज आणावा लागत होता, कारण लेक रोज विचारायची. संशयानं नव्हे, कौतुकानं. “तुझ्या हाताला काय चव आहे रे बाबा. आज काय घातलंस?” आणि उस्ताद रोज पाठ केल्यासारखं म्हणायचे, गाजर, वाटाणा, पाणी. बायकोनं एकदा थर्मास उघडून वास घेतला आणि तो पुन्हा बंद केला. “अहो, सांगून टाका तिला,” ती म्हणाली. “हे तुमच्या अंगाशी येईल.” उस्ताद म्हणाले, “आधी तिला उभी तर राहू दे.”

लेक उभी राहिली. गालांवर रंग आला, जिना ती पुन्हा दोन-दोन पायऱ्या करत चढू लागली. उस्ताद मनोमन पातेल्याला हात जोडायचे. इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

झालं असं की व्यवस्थापकांनी सगळ्या विभागांना विचारलं, कारखान्यामुळे हवेचं होणारं नुकसान कमी कसं करता येईल ते सुचवा. कुणी दिवे बदला म्हटलं, कुणी गाड्या. उस्तादांच्या लेकीनं कॅन्टीन सुचवलं. आठवड्यातले कामाचे दिवस मांसाशिवाय जेवण. तीन महिने करून बघू. व्यवस्थापक धूर्त माणूस. हो म्हणून भट्टीवाल्यांच्या शिव्या खायच्या नव्हत्या आणि नाही म्हणून मागासलेलं दिसायचं नव्हतं. त्यांनी जाहीर करून टाकलं, कॅन्टीनमध्येच सभा घेऊ, दोन्ही बाजू ऐकू, हात वर करून निकाल लावू. त्या दिवसापासून लेकीला सगळे ‘हवामान खातं’ म्हणू लागले. “काय हवामान खातं, आज ऊन की पाऊस?” ती हसून पुढं जायची.

सभेच्या दिवशी सकाळी बापलेक बरोबरच निघाले. चालता चालता लेक म्हणाली, “मुकादमकाका म्हणणार की मांसाशिवाय माणूस आडवा होतो. म्हणू दे. मी माझाच रिपोर्ट दाखवणार आहे. आडवी झाले होते, मांस न खाता उभी राहिले. यावर कोण काय बोलेल?”

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. “रिपोर्ट कशाला,” ते म्हणाले, “तुझं ते हवेचं सांग ना, जमिनीचं.”

“आकडे कुणाला आठवत नाहीत, बाबा. माणूस आठवतो.”

फाटकापर्यंत बरंच अंतर होतं. उस्तादांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा समोरून सायकलवाला आला, एकदा नुसतंच शब्द फुटेना. तिच्या चालीत आज एक तोरा होता आणि तो आपल्या हातानं मोडायचा, हे त्यांच्यानं होईना. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. भित्र्या माणसाची संध्याकाळ नेहमी हाताशी असते.

जेवणाची सुट्टी झाली तसं कॅन्टीन खच्चून भरलं. बाकं कमी पडली, लोक खिडक्यांत बसले. उस्ताद काउंटरमागं हातात पळी घेऊन उभे होते. सभा संपेपर्यंत वाढायचं काहीच नव्हतं, पण पळी नसली की त्यांना हातांचं काय करावं ते कळत नसे. शेजारी कॅन्टीनची तीन पोरं आणि भाज्या निवडणारी मावशी होती. वयानं उस्तादांपेक्षा मोठी, बोलायला फटकळ, आणि उस्तादांना कुणी वाकडं बोललं तर अंगावर धावून जाणारी.

मुकादम आधी बोलला. आवाज भट्टीवर तापलेला, त्याला माईक लागत नव्हता. “धुराडं कारखान्याचं. विमानं साहेब लोकांची. आणि उपास कुणाला, तर आमच्या ताटाला. भट्टीसमोर एक पाळी उभं राहून बघा. पाल्यावर बकरी जगते. पण बकरीला कुणी लोखंड ओतायला लावत नाही.”

हशा झाला, टाळ्या पडल्या. लेक उठली. विमानांचं खरं आहे, ती म्हणाली, त्याबद्दल साहेबांनाही विचारा, मी तुमच्याबरोबर येते. पण म्हणून ताटातलं खोटं ठरत नाही. तिनं जमिनीचं सांगितलं, चाऱ्याचं सांगितलं. मसूर, वाटाणा, सोयाबीन, अंडी यांतून अंगमेहनतीला लागणारी प्रथिनं मिळतात हे सांगितलं. “भाजीतलं लोह अंगाला कमी लागतं, हे खरं आहे. म्हणून बरोबर लिंबू घ्यायचं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही.”

“म्हणजे आता चहापण काढणार?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांसावर जेवढी झाली नव्हती तेवढी खळबळ झाली.

“पुस्तकात सगळं पिकतं,” मुकादम म्हणाला. “पण पोरी, जिन्यात पडली होतीस तेव्हा तुला या हातांनी उचललंय मी. कापसासारखी हलकी झाली होतीस.”

“हो, पडले होते,” लेक म्हणाली. “म्हणूनच बोलते आहे.” तिनं रिपोर्ट वर धरला. “त्या दिवसानंतर मी मांसाचा कण तोंडात घातलेला नाही. आता रक्त पूर्ण भरलंय. डॉक्टर इथंच बसलेत, विचारा.” पहिल्या बाकावरच्या डॉक्टरांनी मान हलवली. हवेचं ऐकताना जांभया देणारी माणसं आता तिच्या तोंडाकडे बघत होती. खिडकीतल्या एकदोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. पारडं झुकायला लागलं होतं, आणि ते उस्तादांइतकं कुणालाच दिसत नव्हतं.

मुकादमालाही ते कळलं. तो काउंटरकडे वळला. “डॉक्टर घरी स्वयंपाक करत नाहीत. उस्ताद, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाबाहेर इथं कुणी नाही. पोरगी खरंच नुसत्या पालापाचोळ्यावर उभी आहे?”

सगळ्या माना फिरल्या. “मी करतो तेच खाते,” उस्ताद पुटपुटले.

“काय करता?”

“मसूर. गाजर. वाटाणा.”

“आणि?”

उस्तादांनी पळी काउंटरवर ठेवली, पुन्हा उचलली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं होतं लेकीनं आणि खवखवत होतं बापाला. आणि मावशीला राहवलं नाही. आपल्या उस्तादाची ही उलटतपासणी तिला बघवेना.

“अहो, काय चौकशी लावलीय ही?” ती म्हणाली. “चोर आहेत का ते? लेकीसाठी रोज इथून थर्मास भरून पाणी नेतात. दमलेभागलेले, पण एक दिवस चुकले नाहीत. तुमच्यातला कोण बाप करतो एवढं?”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळं कॅन्टीन हसलं. “घरी नळ नाही का, उस्ताद?” “आमच्याकडेपण टँकर पाठवा.” मुकादमसुद्धा हसला. काउंटरमागं मात्र कुणी हसलं नाही. मावशीनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेलेला होता.

लेकही हसली नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून एकेक दिवस मागं जाताना उस्तादांना दिसला. मसुराचं सूप, भाजी, भात, आज काय घातलंस, पाणी.

“इथलं फिल्टरचं असेल हो,” कुणीतरी भला माणूस म्हणाला. “घरचं खारं असतं.” उस्तादांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

हशा ओसरला तेव्हा लेकीनं विचारलं, “बाबा, कुठलं पाणी?”

तिनं ते हळूच विचारलं होतं. नळाचं, एवढं म्हणायचं होतं. ती तीन अक्षरं उस्तादांच्या जिभेवर आली होती. तिच्या डोळ्यांत त्यांना दिसत होतं की ती स्वतःच त्यांना ती म्हणायला विनवते आहे.

“नुसतं,” उस्ताद म्हणाले.

लोकांना काय, पाणी ते पाणी. नुसतं पाणी, ठीक आहे, पुढं चला. एवढ्या गर्दीत त्या शब्दाचा अर्थ काउंटरमागच्या चार माणसांना कळला आणि समोर उभ्या असलेल्या एका मुलीला. चौघं काही बोलणार नव्हते. रिपोर्ट तिच्या हातात होता आणि हात वर व्हायला तयार होते. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर तिला पकडणारा कुणी नव्हता.

तिनं कागदाची घडी घातली. “मुकादमकाका,” ती म्हणाली, “माझा रिपोर्ट जमेस धरू नका. माझ्या जेवणात हाडांचं पाणी होतं. मला माहीत नव्हतं.”

कुणी आणून घातलं, हे ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण रक्त सगळ्यांनाच दिसलं. मुकादम एकदम उसळला नाही. तो खाली बघत म्हणाला, “मग झालंच की. काय राहिलं?” मागून मात्र एकजण ओरडला, “हवामान खातं बापाच्या पाण्यावर चाललंय,” आणि जो हशा पिकला तो मघासारखा नव्हता. तो बोचणारा होता.

डॉक्टर उठले. “ऐका, हाडांच्या पाण्यात लोह जवळजवळ नसतंच. हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढलंय. तिचं म्हणणं चूक नाही.” पण आता कोण ऐकतंय? “डॉक्टर, तुम्हीपण तिकडचेच,” असं म्हणून त्यांना लोकांनी खाली बसवलं. लेक हशा थांबेपर्यंत उभीच राहिली. “हवेचं जे सांगितलं ते तसंच आहे,” ती म्हणाली. “ते माझ्या रक्तावर टांगायला नको होतं. चूक माझी.” मग ती बसली. हात वर झाले तेव्हा मोजायचीही वेळ आली नाही. पातेलं वाचलं.

पांगापांग झाली तसे डॉक्टर काउंटरपाशी आले. रागावलेले नव्हते, त्यामुळं तर जास्तच लागलं. “उस्ताद, तुम्ही काहीच केलं नसतंत तरी ती उभी राहिली असती. तुमच्या पाण्यात नुसती चव होती.” मावशी कोपऱ्यात पदरानं डोळे पुसत होती. ज्या पातेल्यावर त्यांनी उभी हयात विश्वास टाकला त्यानं लेकीच्या रक्तात थेंबभर भर घातली नव्हती, आणि त्याच्यासाठी त्यांनी तिचा शब्द खोटा पाडला होता. तेल गेलं, तूप गेलं, आणि हातात काय, तर पळी.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा लेक स्वयंपाकघरात होती. एक छोटं भांडं तिनं वेगळं काढलं होतं आणि त्यात राजमा शिजत होता. बायको दारात उभी होती. तिनं उस्तादांकडे पाहिलं, पण ‘मी सांगत होते’ असं ती म्हणाली नाही.

“चुकलो गं,” उस्ताद म्हणाले.

“एकदा चुकला असतास तर मी भांडले असते, बाबा. मी तुला रोज विचारलं. रोज तू पाणी म्हणालास.”

“तू पडलीस, मला काही सुचेना. भीती वाटली.”

“मलापण वाटली होती,” लेक म्हणाली. “मी तुला सांगून गोळ्या घेतल्या.”

तिनं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली. उठून खोलीत गेली नाही, दार लावलं नाही. तेवढं तिनं त्यांच्यासाठी ठेवलं होतं. राजमा नीट शिजलेला नव्हता, हे उस्तादांना लांबूनच दिसत होतं. तिनं घास घेतला, चावला, आणि तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. मीठ घालायचं राहिलं होतं. तीन पाळ्यांच्या जिभा ओळखणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यांनी न बोलता मिठाची बरणी उचलली आणि तिच्यापुढं धरली.

लेकीनं बरणीकडे पाहिलं. हात पुढं केला, आणि तो वाटेतच थांबला.

“राहू दे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठली, कपाट उघडलं, मागच्या बाजूला ठेवलेली मिठाची न फोडलेली पिशवी काढली आणि दातांनी तिचा कोपरा फाडला.